शिक्केवाल्यांचं सुलट शिक्षण

शिक्केवाल्यांना जग उलटं वाचायची सवय होती. यात तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं, धंद्याचा परिणाम होता. रबरी शिक्का करायचा म्हणजे अक्षरं उलटी जुळवायची, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. उमेदीची सगळी वर्षं हेच केल्यामुळे डोळ्यांना तेच वळण पडलं होतं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या कपाळावर उलटा लिहिलेला शब्द बाकीच्यांना गाडीच्या आरशात बघून वाचावा लागतो. शिक्केवाले तो समोरून, चालता चालता वाचत. दारावर सरळ लिहिलेलं 'आत येऊ नये' वाचायला मात्र त्यांना जरा थांबावं लागे, आणि तोवर ते आत गेलेले असत.

त्यांचं दुकान म्हणजे एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. दाराशी ताठ उभं राहता येई, मध्ये वाकावं लागे आणि शेवटी, जिथे लाकडी मुठींचं खोकं होतं, तिथे नुसता हात पोचे. इथे बसून त्यांनी शाळांचे, डॉक्टरांचे, सोसायट्यांचे आणि दोन-तीन बुडालेल्या कारखान्यांचे शिक्के केले. तयार झालेला शिक्का लगेच कशावर तरी मारून बघायचा हा शिरस्ता, आणि त्यासाठी हाताशी येईल ते चाले. त्यामुळे घरी भाजीच्या पिशवीवर 'खरी प्रत', औषधांच्या डब्यावर 'मुदत संपली' आणि मुलीच्या तान्हेपणीच्या झबल्यावर 'अध्यक्ष' असं उमटलेलं होतं.

"लग्नात माझ्या कपाळावर 'मंजूर' असा मारला नाहीत हे माझं नशीब," बायको म्हणायची.

"मंजूर कशाला? आधी 'आवक' मारतात," शिक्केवाले म्हणायचे. "मंजुरीचं मागाहून बघतात."

असं सगळं झकास चाललेलं असताना समोरच्या फुटपाथवर काचेच्या दाराचं दुकान निघालं. 'तासाभरात शिक्का' अशी पाटी. लोकांना एकाएकी गोल शिक्के हवेसे झाले, आणि त्यात मधोमध चित्र. दातांच्या डॉक्टरांना दाढ हवी, शाळेला उघडं पुस्तक हवं, दुधाच्या डेअरीला म्हैस हवी. शिक्केवाल्यांच्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, पेटीत चित्र म्हणावं असं एकच होतं, पाच पाकळ्यांचं फूल. आजवर सगळ्यांचं त्यांनी त्यावरच निभावून नेलं होतं. पण डेअरीवाल्याने फूल बघितलं, शिक्केवाल्यांकडे बघितलं, आणि तो रस्ता ओलांडून गेला.

त्यानंतर आठवडाभराने मेहुणा आला. मेहुण्याचं नळ-बेसिनचं दुकान त्याच इमारतीत, दर्शनी बाजूला. इमारत सासऱ्यांची, म्हणजे आता मेहुण्याचीच. तो आला तो हातात मोजपट्टी घेऊन.

"दाजी, स्पष्ट बोलू?"

"तू कधी अस्पष्ट बोललायस?"

"ही जागा मला बेसिनं मांडायला हवीय. तुम्ही माझ्या गोडाऊनवर बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. माल आला की 'आला' म्हणायचं, गेला की 'गेला' म्हणायचं."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात पंखा आहे ना!"

मेहुण्याच्या हाताखाली 'आला-गेला' म्हणत बसण्यापेक्षा त्या जिन्यावरून उडी मारलेली बरी, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आणि ते मेहुण्याने वाचलं नसलं तरी त्याच्या ताईने वाचलं. ती पुढे झाली. "अरे, माणसाला एक संधी तरी दे की नाही? गिऱ्हाइकालासुद्धा देतोस."

मेहुण्याने मोजपट्टी मिटवली. "बरं ताई, तुझ्यासाठी. दाजी, मला माझ्या दुकानाचा शिक्का पाहिजे. गोल. कडेने 'नळ व बेसिन भांडार', मधे नळ, आणि नळातून पडणारा एक थेंब. समोरचा चुटकीसरशी देईल. तुम्ही स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरवर काढून द्या, जागा तुमची. नाही जमलं, तर जागा माझी आणि गोडाऊन तुमचं. दिवाणखाना रंगवून होईपर्यंत मला तशीही सवड नाही, तोवर शिका."

मेहुण्याचा दिवाणखाना रंगवणारे रंगारी किती सावकाश काम करतात हे गावाला ठाऊक होतं. शिक्केवाल्यांनी मनातल्या मनात त्यांना दीर्घायुष्य चिंतलं.

क्लास शोधला बायकोने. कॉलेजच्या फाटकावर फलक होता: कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि डीटीपी, संध्याकाळी, वयाची अट नाही. शिक्केवाले इस्त्रीचा शर्ट घालून गेले, दाराशी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजले. दुसऱ्या रांगेत त्यांची मुलगी बसली होती. मुलगी संध्याकाळी कॉलेजात कसलासा क्लास करते एवढं त्यांना माहीत होतं. कसला, ते तिने दोनदा सांगितलं होतं आणि त्यांनी दोनदा 'छान' म्हटलं होतं.

मुलीचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिचं बाळपणीचं झबलं वर्गात फिरवत असावं. ती पाणी पिण्याच्या निमित्ताने उठली, त्यांच्या बाजूने जाताना ओठ न हलवता म्हणाली, "इथे तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखत नाही. कळलं?"

"कळलं, मॅडम," शिक्केवाले म्हणाले.

पण दैवाची थट्टा अशी की कॉम्प्युटर कमी आणि विद्यार्थी जास्त. शिकवणारे सर कोवळे होते, गळ्यात ओळखपत्र आणि डोळ्यांखाली जागरण. त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि सगळ्यांत शहाणी मुलगी कोण ते हेरलं. "काका, तुम्ही हिच्या शेजारी बसा. ही सांभाळून घेईल. आणि तू गं, काकांवर चिडायचं नाही हं. आपल्या वडिलांसारखे आहेत."

वडिलांसारख्या काकांनी खुर्ची ओढली. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

माउस ही वस्तू शिक्केवाल्यांच्या हातात पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी ती शिक्क्यासारखी उचलून टेबलावर दाबली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. मग मॅडमनी खालच्या आवाजात, दात आवळून, सरकवायचं कसं ते दाखवलं. पुढे मात्र गाडी रुळावर आली. चुकलेलं परत घ्यायचं बटण असतं हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की ते परत घेता याव्यात म्हणून मुद्दाम चुका करू लागले. आजवर एक काना चुकला तर अख्खं रबर फुकट जायचं, आणि इथे बोट लावलं की पाप धुतलं!

सरांचा सगळा जीव लेयरमध्ये होता. "एकावर एक पारदर्शक कागद ठेवले आहेत असं समजा," ते सांगत. "चित्राचा एकेक भाग वेगळ्या कागदावर. नको असेल तो कागद झाकायचा, बाकी चित्राला धक्का नाही." कुणीही काहीही अडचण आणली, रंग येत नाही म्हणा, रेघ हलत नाही म्हणा, की सरांचं उत्तर ठरलेलं: "लेयर बघ." एकदा दिवे गेले तेव्हाही मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सर, लेयर बघा!"

आणि मग एके दिवशी शिक्केवाल्यांना आरशाचं बटण सापडलं. ते दाबलं की पडद्यावरचं सगळं उलटं होई. ते बराच वेळ पडद्याकडे नुसते बघत राहिले. ज्याच्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य चिमट्याने खिळे उलटे लावले, ते हे बटण एका दमात करत होतं. दुसरा कुणी असता तर हळहळला असता. शिक्केवाले हरखले. त्या दिवसापासून ते सगळं काम उलटं करून ठेवत, कारण तसंच ते त्यांना घडाघडा वाचता येई, आणि सर फेरी मारत आले की झटकन सुलटं करत.

"हे काय चाललंय?" मॅडम फिस्कारल्या.

"तपासतोय."

"सुलटं तपासा ना!"

"सुलटं असलं की मला चूक दिसत नाही, मॅडम. सगळं गुळगुळीत दिसतं."

पुढे जोडीजोडीने पोस्टर करायचं ठरलं. या जोडीच्या वाट्याला आलं वाचनालयाचं: 'कृपया शांतता राखा', आणि खाली ओठांवर बोट ठेवलेली मुलगी. चित्र मॅडमनी काढलं, अक्षरांची मांडणी काकांनी केली, आणि काम खरोखर देखणं झालं. छपाईच्या दिवशी मॅडमना मैत्रिणीने बाहेर बोलावलं. "तुम्ही फाइल पाठवा, मी आलेच," असं म्हणून त्या गेल्या.

शिक्केवाल्यांनी फाइल डोळ्यांत तेल घालून तपासली. आणि मग, मशीनकडे जाणारा माल उलटा पाठवायचा असतो, तेव्हाच तो पलीकडे सुलटा उमटतो, हे हाडीमासी खिळलेलं शास्त्र त्यांनी पाळलं. आरशाचं बटण दाबलं, फाइल पाठवली आणि हात झटकले.

सरांनी पोस्टरं ओळीने भिंतीवर लावली. शेवटचं लावून ते दोन पावलं मागे सरले, मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. पोस्टरावरची मुलगी तेवढी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना शांत राहायला सांगत होती. बाकी मजकूर परग्रहावरचा वाटत होता.

"हे कुणाचं?" सरांनी विचारलं.

मॅडम दारातून आत आल्या, त्यांनी भिंतीकडे बघितलं, आणि सगळा करारमदार विसरून वर्ग दणाणून सोडला. "बाबा! काय केलंत हे!"

"बाबा?" सर म्हणाले.

"बाबा?" वर्ग म्हणाला.

मग जे हसू फुटलं ते वाचनालयापर्यंत ऐकू गेलं असणार. त्या दिवसापासून सगळा वर्ग शिक्केवाल्यांना बाबा म्हणू लागला. "बाबा, जरा स्टेपलर द्या." "बाबा, तुमची मुलगी आमच्याशी बोलत नाही." सरांचीही एकदा जीभ घसरली.

मुलगी मात्र घरी जाईपर्यंत फुगून होती. फाटकापाशी ती वळली. "घ्या शपथ. यापुढे त्या आरशाच्या बटणाला हात लावणार नाही. काहीही झालं तरी. हात लावलात तर मी क्लास सोडीन."

"माझी शपथ, तुझी शपथ, मामाच्या बेसिनांची शपथ," शिक्केवाले म्हणाले.

"थट्टा नको!"

"नाही गं बाळा. नाही लावणार."

आणि त्यांनी शब्द पाळला. डोळ्यांना सुलटं वळण लावणं सोपं नव्हतं. पहिले काही दिवस त्यांचं डोकं दुखे. मेहुण्याचा नळ त्यांनी पंचवीसदा काढला आणि पुसला. पहिला नळ बदकासारखा झाला. मग नळ जमला तर थेंब वांग्यासारखा झाला. मुलगी शेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे, कारण शर्त स्वतःच्या हाताने काढायची होती आणि तिचे हात तर शिवशिवत. "गळ्यापाशी जरा बारीक," ती छताकडे बघत म्हणायची, जणू छताला सांगतेय. शेवटी नळ नळासारखा झाला, थेंब थेंबासारखा झाला, गोल गोलासारखा झाला. रबरवाल्या व्यापाऱ्याने पेटीएवढं एक मशीन आणि सोबत एक लॅपटॉप 'वापरून बघा, आवडलं तर बोलू' म्हणत दुकानात आणून ठेवलं. कॉम्प्युटरवर जसं असेल तसंच धरून अक्षरं तेवढी सोडायची आणि भोवतालचं रबर जाळून टाकायचं, असं त्याचं काम.

इकडे मेहुण्याच्या रंगाऱ्यांनी दगा दिला. त्यांनी काम संपवलं.

दुपारी मेहुणा मोजपट्टी घेऊन हजर. मागोमाग बायको. मुलगी कॉलेजात. शिक्केवाल्यांनी लॅपटॉपवर फाइल उघडली, मशीन सुरू केलं आणि सवयीने त्यांचा बाण आरशाच्या बटणाकडे निघाला. बटणावर पोचला. तिथे थांबला. शिक्केवाल्यांना फाटकाजवळचा तो रागावलेला चेहरा दिसला. त्यांनी बाण मागे घेतला, एक दीर्घ श्वास घेतला आणि 'सुरू' दाबलं.

जळक्या रबराचा वास जिन्याभर पसरला. काजळी पुसायलाही मेहुण्याने सवड दिली नाही. "आणा, पहिला ठसा माझा!" मुठीवर चिकटवलेला शिक्का त्याने हिसकावला, शाईवर दाबला आणि कोऱ्या कागदावर ठोकला.

तिघे कागदावर वाकले.

"वा!" शिक्केवाल्यांचा चेहरा उजळला. "'नळ व बेसिन भांडार'. काय ठसठशीत आलंय! एक वेलांटी मोडली नाही. वाच, वाच!"

मेहुण्याने कागद लांब धरला, जवळ धरला. "दाजी, ही कुठली लिपी?"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "तुम्हाला हे इतकं छान वाचता येतंय, तिथेच मला शंका येतेय."

शिक्केवाल्यांनी कागद हातात घेतला. मग रबर घेतलं, अंगठ्याने काजळी पुसली. रबरावर अक्षरं सुलटी होती, शहाण्यासारखी, वर्गात शिकवल्यासारखी. शिक्केवाले मटकन स्टुलावर बसले. कारखाने बुडाले, सोसायट्या भांडून फुटल्या, पण त्यांच्या हातून सुलटा शिक्का कधी गेला नव्हता. तो आज गेला, आणि आजच जायचा होता.

"तरी मी म्हणत होतो," मेहुणा म्हणाला, आणि म्हणताना त्यालाही फार बरं वाटलेलं दिसलं नाही. त्याने मोजपट्टी उघडली खरी, पण ती भिंतीला लावायच्या ऐवजी उगीच हातात खेळवत राहिला. "खुर्ची चांगली आहे दाजी गोडाऊनवर. गादीची आहे."

तेवढ्यात मुलगी आली. खांद्यावर बॅग, कपाळावर घाम. तिने कागद बघितला, रबर बघितलं, बापाचा चेहरा बघितला.

"बाबा, आरसा नाही केलात?"

"तू शपथ घातली होतीस ना."

मुलीने बॅग काउंटरवर आदळली. "मामा, ती पट्टी मिट. चूक माझी आहे."

"अगं, शर्त म्हणजे शर्त."

"शर्त काय होती? स्वतःच्या हाताने काढून द्यायचा. पहिल्याच ठशाला यायला पाहिजे असं कुठे ठरलं होतं? समोरचा तासाभरात देतो ना? मग तास दे आम्हाला. का भितोस?"

"मी? मी भितो?" मेहुणा दुकानदार होता, त्याला भितोस म्हटलेलं चालत नसे. "घ्या तास! ताई, चहा टाक."

शिक्केवाले उठले. मुलगी शेजारी बसली आणि तिने दोन्ही हात मांडीखाली घातले. "शपथ सुटली, बाबा. दाबा."

त्यांनी आरशाचं बटण दाबलं. मशीन पुन्हा धूर सोडू लागलं. मेहुणा आधी उभ्यानेच चहा प्याला, मग बघायला वाकला, मग आणखी आत शिरला आणि जिन्याच्या पायरीला डोकं आपटून घेतलं. तरी तो बाहेर आला नाही. नवा शिक्का तयार झाला तेव्हा त्याने स्वतःच तो अलगद उचलला, आणि मारला.

सुलटा. गोल. नळ असा की वाटावं, तोटी फिरवली तर पाणी येईल.

कुणी हुश्श करायच्या आत मेहुण्याच्या कपाळाला आठी पडली. "नळ मस्त. पण हा थेंब... दाजी, हा नळ गळतोय की हो! नळवाल्याच्या शिक्क्यात गळका नळ? लोक काय म्हणतील?"

"थेंब तूच सांगितला होतास," ताई कडाडली.

"तेव्हा उमटलेला दिसला नव्हता ना!"

मुलगी तोंड उघडणार होती, पण शिक्केवाल्यांनी हात वर केला. त्यांचा आवाज एकदम सरांसारखा झाला. "लेयर बघू." आणि त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. थेंब त्यांनी वेगळ्या लेयरवर ठेवला होता. पंचवीसदा पुसल्यावर माणूस एवढं शिकतोच. एक टिचकी मारली, थेंब नाहीसा झाला आणि नळ कोरडा ठणठणीत उभा राहिला.

"बाबा, आरसा..."

"केलेला आहे. घडाघडा वाचता येतंय मला, म्हणजे उलटंच आहे."

मुलीने हात मांडीखालून काढले आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून हसू लागली.

थेंबाविना शिक्का हाती आल्यावर मेहुण्याला आवरणं कठीण झालं. त्याने तो कागदावर मारला, वहीवर मारला, चहाच्या कपाखालच्या पुठ्ठ्यावर मारला, ताईच्या हातावर मारायला गेला तेव्हा तिने तो हात फटकारला. तास केव्हाच उलटून गेला होता. घड्याळाकडे बघायचं मेहुण्यालाच सुचलं नव्हतं. शेवटी त्याने मोजपट्टी खिशात घातली आणि बराच वेळ तिरक्या छताकडे बघत राहिला.

"बेसिनं तशीही इथे मावली नसती," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाचं डोकं फुटेल. तुमच्याकडेच राहू दे ही जागा. पण दाजी, समोरच्याची पाटी कोपऱ्यापासून दिसते. तुमचं दुकान आहे हे मला, घरच्याला, माहीत म्हणून ठीक. पाटी करा एखादी मोठी, झगझगीत."

"करतो की!" शिक्केवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉपवर नवी फाइल उघडली. "आत्ता करतो. कॉम्प्युटरवरच."

मुलगी हसायची थांबली. "बाबा, मी बघितल्याशिवाय ती छापायला पाठवायची नाही."

"अगं, नाही पाठवत," शिक्केवाले म्हणाले. माउसवरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.